आदर्श चुंबकी वाहकावरचा विद्युतप्रवाह: सीमा-अट काय सांगते आणि काय सांगत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आदर्श चुंबकी वाहकाच्या, म्हणजे अभियंते ज्याला पीएमसी म्हणतात त्याच्या पृष्ठावर चुंबकीय क्षेत्राचा स्पर्शी, म्हणजे पृष्ठाला समांतर, घटक शून्य असतो. पृष्ठप्रवाहाची घनता स्पर्शी चुंबकीय क्षेत्राएवढी असते हे तर आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. तेव्हा पीएमसीवर विद्युतप्रवाह असूच शकत नाही, असे निघते. उलट अँटेनाच्या पुस्तकांत लिहिलेले असते की पीएमसीला अगदी लागून ठेवलेला विद्युतप्रवाह निष्प्रभ होत नाही, त्याचे क्षेत्र दुप्पट होते. आणि आपली तिसरी शंका: पीएमसीच्या नळीतून प्रवाह वाहणारी तार नेली, तर अँपिअरच्या नियमाप्रमाणे नळीच्या आतल्या भिंतीलगत चुंबकीय क्षेत्र असायलाच हवे. मग सीमा-अट खोटी, की अँपिअरचा नियम?

पहिली दोन विधाने खरी आहेत आणि त्यांच्यात विरोध नाही. तिसरी शंका मात्र वरवरची नाही. तिच्यात पीएमसीचा एक गुणधर्म दडलेला आहे, जो बहुतेक अभ्यासक्रमांत सांगितलाच जात नाही आणि पुढे संगणकावर गणित अडले की अचानक समोर येतो. म्हणून या उत्तराचा बराच भाग मी तिसऱ्या शंकेला देणार आहे.

आधी ओळखीच्या बाजूने सुरुवात करू. आदर्श विद्युत वाहकाची, म्हणजे पीईसीची, वाहकता अनंत मानलेली असते. त्यामुळे आत विद्युत क्षेत्र टिकत नाही आणि पृष्ठावर त्याचा स्पर्शी घटक शून्य होतो. चुंबकीय क्षेत्राचा स्पर्शी घटक बाहेर असतो, आत नसतो. ही तफावत पृष्ठावर उपजलेला विद्युतप्रवाह भरून काढतो. पीएमसी ही याचीच द्वैती, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय यांची अदलाबदल केलेली, रचना आहे. मॅक्सवेलच्या समीकरणांत चुंबकीय प्रवाहाचे पद घालून ती दोन्ही बाजूंनी सारखी करण्याची कल्पना हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. ते पद घातले आणि चुंबकीय वाहकता अनंत मानली की चुंबकीय क्षेत्र आत टिकत नाही, पृष्ठावर त्याचा स्पर्शी घटक शून्य होतो, विद्युत अभिवाहाचा (फ्लक्सचा) लंब घटकही शून्य होतो, आणि विद्युत क्षेत्राच्या स्पर्शी घटकातील तफावत पृष्ठावरचा काल्पनिक चुंबकीय प्रवाह भरून काढतो.

आकड्यांत पाहू. निर्वातातून १ व्होल्ट प्रति मीटर एवढी सपाट तरंग सरळ येऊन आदळत असेल, तर तिचे चुंबकीय क्षेत्र ३७७ ओहमने भागून सुमारे २.६५ मिलिअँपिअर प्रति मीटर येते. पीईसीवर विद्युत क्षेत्र उलट होऊन परतते, चुंबकीय क्षेत्र दुप्पट होते आणि ५.३ मिलिअँपिअर प्रति मीटर एवढा विद्युत पृष्ठप्रवाह वाहतो. पीएमसीवर चुंबकीय क्षेत्र उलटते, विद्युत क्षेत्र दुप्पट होऊन २ व्होल्ट प्रति मीटर होते, आणि चुंबकीय पृष्ठप्रवाहही तेवढाच, व्होल्ट प्रति मीटर याच एककात. या मांडणीत पीएमसीवर विद्युतप्रवाह शून्य आहे, आणि आपले पहिले विधान इथवर अगदी बरोबर आहे: बाहेरून आलेले क्षेत्र पीएमसीवर विद्युतप्रवाह उपजवू शकत नाही.

पण उपजलेला प्रवाह आणि लादलेला प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पृष्ठप्रवाह स्पर्शी चुंबकीय क्षेत्राएवढा असतो हे वाक्य आपण पाठ करतो ते अर्धेच. पूर्ण वाक्य असे आहे की प्रवाहाच्या चादरीच्या एका बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे स्पर्शी चुंबकीय क्षेत्र यांतील फरक त्या चादरीच्या प्रवाहघनतेएवढा असतो. आता पीएमसीच्या पृष्ठापासून अतिशय लहान अंतरावर विद्युतप्रवाहाची एक चादर ठेवा. चादर आणि पृष्ठ यांच्यामधल्या फटीत स्पर्शी चुंबकीय क्षेत्र शून्य आहे, कारण पीएमसीची अट तिथे लागू होते. चादरीच्या बाहेरच्या बाजूला ते प्रवाहघनतेएवढे आहे. फट कितीही लहान केली तरी हे चित्र बदलत नाही. शेवटी चादर पृष्ठाला टेकली असे आपण म्हणतो तेव्हाही सीमा-अट चादरीच्या आतल्या अंगाला आहे आणि आपण मोजतो ते क्षेत्र बाहेरच्या अंगाला आहे. फट मिटवून टाकून मग दोन्ही अंगांना एकच क्षेत्र मानले, की विरोधाभास तयार होतो.

हीच गोष्ट परिपथाच्या भाषेत अधिक लवकर पटते. अनंत सपाट चादर म्हणजे एक प्रवाहस्रोत, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन भार समांतर जोडलेले. मोकळ्या जागेत दोन्हीकडे ३७७ ओहम, म्हणून स्रोताला १८८.५ ओहम दिसतात. एका बाजूला पीईसी लावला तर ती बाजू शॉर्ट होते, सगळा प्रवाह तिकडून जातो आणि चादर काहीच उत्सर्जित करत नाही. पीएमसी लावला तर ती बाजू उघडी राहते आणि स्रोताला पूर्ण ३७७ ओहम मिळतात. १ अँपिअर प्रति मीटर परिणामी (आरएमएस) मूल्याच्या चादरीतून मोकळ्या जागेत प्रत्येक बाजूला दर चौरस मीटरमागे सुमारे ९४ वॉट जातात. पीएमसीवर ठेवल्यावर सगळे ३७७ वॉट एकाच बाजूने जातात. क्षेत्र दुप्पट, त्या दिशेची शक्ती चौपट, एकूण शक्ती दुप्पट. पुस्तकातील ‘दुप्पट’ हा शब्द यांपैकी कशाबद्दल आहे हे न पाहता उतरवून घेणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात, म्हणून हा हिशेब लिहून ठेवला.

प्रतिमांचा नियमही यातूनच येतो. पृष्ठाला समांतर विद्युतप्रवाहाची प्रतिमा पीएमसीमध्ये त्याच दिशेची असते, पृष्ठाला लंब प्रवाहाची उलट दिशेची असते, आणि विद्युत प्रभाराची प्रतिमा त्याच चिन्हाची असते. हे वेगळे पाठ करण्याची गरज नाही. उभ्या तारेत प्रवाह वर जात असेल तर वरच्या टोकाला धन प्रभार साठतो. आरशातील टोकालाही धन प्रभारच साठायला हवा, आणि ते टोक खाली आहे, म्हणून प्रतिमेचा प्रवाह खाली जायला हवा. पीईसीसाठी प्रभाराचे चिन्ह बदला, सगळे नियम आपोआप उलटतात. शेलकुनॉफ यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या तुल्यता-सिद्धांताच्या, म्हणजे खऱ्या स्रोतांऐवजी त्यांना वेढणाऱ्या पृष्ठावरचे प्रवाह घेण्याच्या पद्धतीच्या, रूपांतही हेच आहे: काल्पनिक पृष्ठाच्या आत पीएमसी भरला तर पृष्ठावरचे चुंबकीय प्रवाह निष्प्रभ होतात आणि केवळ विद्युतप्रवाह पुरतात, पीईसी भरला तर याच्या उलट. मात्र असा भराव टाकल्यावर उरलेले प्रवाह मोकळ्या जागेत नव्हे, त्या वाहकाच्या सान्निध्यात उत्सर्जन करतात, ही अट अनेकदा विसरली जाते आणि मग उत्तर दोनच्या पटीने चुकते.

आता नळीकडे वळू. बंद वाटोळ्या पीएमसी भिंतीच्या आत तार आहे, तारेत प्रवाह आहे. भिंतीलगतच्या वळशावर स्पर्शी चुंबकीय क्षेत्र शून्य, म्हणून वळशाभोवतीची बेरीज शून्य. अँपिअरच्या नियमानुसार ती बेरीज आतल्या एकूण प्रवाहाएवढी असते. स्थिर प्रवाहासाठी याचा अर्थ एकच: पीएमसीने पूर्ण वेढलेल्या जागेतून जाणारा निव्वळ स्थिर प्रवाह शून्यच असला पाहिजे. सीमा-अट खोटी नाही, नियमही खोटा नाही. आपण दिलेली समस्याच अशी आहे की तिला उत्तर नाही. गणिती भाषेत, सदिश विभवाच्या (ज्यापासून चुंबकीय क्षेत्र काढतात त्या राशीच्या) समीकरणाला सीमेवर सगळीकडे न्यूमन अट, म्हणजे सीमेला लंब दिशेने उतार शून्य ही अट, लावली आहे आणि उजव्या बाजूच्या स्रोताची बेरीज शून्य नाही, तर उकल अस्तित्वात नसते. पीएमसी आपल्या आत कोणता एकूण प्रवाह चालेल हे आधीच ठरवून टाकतो, हा तो न सांगितला जाणारा गुणधर्म. पीईसीच्या नळीवर असे बंधन येत नाही, कारण तिथे भिंतीवर परतीचा प्रवाह वाहू शकतो. प्रभाराबाबतही तसेच: पीएमसीच्या बंद पोकळीत एकूण विद्युत प्रभार शून्यच असावा लागतो, कारण भिंतीवर विद्युत अभिवाहाची एकही रेषा संपू शकत नाही.

प्रत्यक्षात मात्र तारेभोवती लोखंडी कडे घालता येते, आणि लोखंडाची पर्मिएबिलिटी, म्हणजे चुंबकीय अभिवाह वाहून नेण्याची क्षमता, फार मोठी असल्यामुळे ते पीएमसीसारखेच वागते असे आपण शिकलेलो असतो. मग तिथे काय होते? याचे उत्तर सबस्टेशनमधल्या करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देणाऱ्या आपल्या नेहमीच्या सीटीमध्ये, रोज घडत असते. १००/५ चा रिंग सीटी घ्या. कड्यामधून एकच बार जातो, त्यात १०० अँपिअर. दुय्यम गुंडाळीचे २० फेरे त्याच खिडकीतून जातात, आणि त्यांत उलट दिशेने ५ अँपिअर वाहत असतात. खिडकीतील निव्वळ प्रवाह १०० वजा १००, म्हणजे जवळजवळ शून्य. जो काही अल्प फरक उरतो तोच चुंबकन प्रवाह. म्हणजे दुय्यम बाजू मीटरमधून पूर्ण असेपर्यंत गाभ्याच्या आतल्या भिंतीवर स्पर्शी चुंबकीय क्षेत्र खरोखरच नगण्य असते आणि गाभा पीएमसीच्या अटीचे पालन करतो; पालन करता येते, कारण निव्वळ प्रवाह शून्य आहे.

आता दुय्यम बाजू उघडा. उलट दिशेचे १०० अँपिअर-फेरे गेले. समजा गाभ्याची सरासरी त्रिज्या ५ सेंटीमीटर आहे. तर गाभ्यात सुमारे ३१८ अँपिअर प्रति मीटर एवढे चुंबकीय क्षेत्र उभे राहते, आणि हा आकडा पर्मिएबिलिटीवर अजिबात अवलंबून नाही. लोखंड दुप्पट चांगले आणले तरी क्षेत्र तेवढेच, फक्त अभिवाहघनता दुप्पट मागितली जाते. सापेक्ष पर्मिएबिलिटी ५००० कायम राहिली असती तर ती अगदी २ टेस्लापर्यंत गेली असती. तिथे सिलिकॉन स्टील संपृक्त झालेले असते, आणि प्रत्येक अर्धचक्रात अभिवाह एका संपृक्ततेकडून दुसरीकडे झपाट्याने उलटताना उघड्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज येते. चालू सीटीची दुय्यम बाजू उघडू नये हे वायरमनला पहिल्या दिवशी सांगतात. त्यामागे जे भौतिकशास्त्र आहे ते आपल्या नळीचेच आहे: निव्वळ प्रवाह वेढणाऱ्या बंद कड्यात पर्मिएबिलिटी अनंताकडे नेली तरी आतले चुंबकीय क्षेत्र शून्याकडे जात नाही. अशा जागी अनंत पर्मिएबिलिटीचे लोखंड आणि पीएमसी या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. पहिलीत पर्मिएबिलिटी अनंताकडे नेल्यावर अभिवाह अनंत होतो, दुसरीत समस्येला उकलच राहत नाही.

कड्याला एक चीर पाडली की परिस्थिती एकदम निवळते. विद्युत मोटारीच्या स्टेटरमधील खाच हे याचे सर्वांत उपयुक्त उदाहरण. आयताकृती खाचेच्या तीन भिंती लोखंडाच्या, चौथी बाजू हवेतल्या फटीकडे उघडी. तीन भिंतींवर स्पर्शी चुंबकीय क्षेत्र शून्य मानता येते, आणि खाचेतील सगळे अँपिअर-फेरे उघड्या तोंडावर पडतात. खाच १० मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर खोल असेल आणि तांब्यात एकूण ६०० अँपिअर सारखे पसरलेले असतील, तर तळाशी आडवे चुंबकीय क्षेत्र शून्य असते आणि वर येता येता सरळ रेषेत वाढत तोंडाशी ६०,००० अँपिअर प्रति मीटर होते. यातील ऊर्जा काढली की खाचेच्या गळतीचा तो प्रसिद्ध गुणांक, खोली भागिले रुंदीची तिप्पट, हाती येतो. इथे तो बरोबर १ आहे. यंत्रांच्या डिझाइनची पिढ्यान्‌पिढ्यांची गणिते पीएमसीच्या अटीवर उभी आहेत, फक्त त्या पुस्तकांत तिला पीएमसी म्हणत नाहीत.

लोखंडाच्या सपाट पृष्ठाजवळच्या तारेबाबतही निव्वळ प्रवाहाची अडचण येत नाही, कारण पृष्ठ तारेला वेढत नाही. तिथे प्रतिमा-प्रवाह त्याच दिशेचा असतो. सापेक्ष पर्मिएबिलिटी १००० असेल तर त्याचे मूल्य मूळ प्रवाहाच्या ०.९९८ पट. एकाच दिशेचे प्रवाह एकमेकांना ओढतात, म्हणून तार लोखंडाकडे खेचली जाते. अतिवाहकाच्या पृष्ठाजवळ तीच तार दूर ढकलली जाते.

स्थिर प्रवाहाकडून बदलत्या प्रवाहाकडे आलो की पीएमसीच्या नळीला उकल मिळते, आणि ती मिळवून देतो विस्थापन-प्रवाह, म्हणजे बदलत्या विद्युत क्षेत्राचा प्रवाहासारखा परिणाम. भिंतीलगतच्या वळशाभोवतीची बेरीज शून्यच राहते. त्यासाठी तारेतल्या प्रवाहाएवढाच उलट दिशेचा विस्थापन-प्रवाह नळीच्या काटछेदातून वाहावा लागतो. त्यावरून विद्युत क्षेत्राची सरासरी लगेच मिळते: प्रवाह भागिले कोनीय वारंवारता, पर्मिटिव्हिटी आणि काटछेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार. काटछेद १० चौरस सेंटीमीटर आणि प्रवाह १ अँपिअर घेतला तर १ गिगाहर्ट्झला हे क्षेत्र सुमारे १८ किलोव्होल्ट प्रति मीटर येते. ५० हर्ट्झला तेच क्षेत्र ३६० अब्ज व्होल्ट प्रति मीटर एवढे मागितले जाते, आणि हवा तर ३० लाखांच्या आसपासच फुटते. वारंवारता शून्याकडे नेताना उकल अशी अनंताकडे पळत जाते. स्थिर प्रवाहाला उकल नाही या विधानाचाच हा दुसरा चेहरा.

हे सगळे निव्वळ पुस्तकी वाटू नये म्हणून मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेनाकडे, म्हणजे छापील पत्र्यावरच्या धातूच्या चपट्या तुकड्याच्या अँटेनाकडे, बोट दाखवतो. तिचे पोकळी-प्रारूप लो, सॉलोमन आणि रिचर्ड्स यांनी १९७९ मध्ये मांडले. पॅच आणि खालची जमीन हे वरखालचे पीईसी, आणि कडेने चौफेर पीएमसीची भिंत. ही भिंत कुठून आली? पॅचच्या कडेला पोहोचलेला विद्युतप्रवाह धातू संपल्यामुळे पुढे जाऊ शकत नाही, म्हणून कडेला लंब प्रवाह जवळजवळ शून्य. आणि पॅचच्या खालच्या अंगावरचा लंब प्रवाह म्हणजेच कडेला समांतर चुंबकीय क्षेत्र. त्यामुळे तेही शून्य. म्हणजे इथे पीएमसीची अट विद्युतप्रवाहाच्या अटीतूनच आली आहे, आणि पृष्ठावर चुंबकीय प्रभार वाहतात असे कोणी म्हणत नाही. एफआर-४ या छापील परिपथांच्या नेहमीच्या पत्र्यावर, सापेक्ष पर्मिटिव्हिटी ४.४ धरून, २९ मिलिमीटर लांबीचा पॅच या प्रारूपानुसार २.४७ गिगाहर्ट्झच्या आसपास अनुनादित होतो. कडेबाहेर फुगलेल्या क्षेत्रामुळे प्रत्यक्ष वारंवारता त्याहून थोडी खाली येते, तेव्हा भिंत आदर्श नाही हेही मापनच सांगते.

या पोकळीत खालून प्रोबची सुई येते आणि वरच्या पॅचला जोडली जाते. सुईत प्रवाह आहे, चौफेर पीएमसी आहे. ही आपलीच नळी झाली. तिच्यात विस्थापन-प्रवाहाची जी सरासरी लागते तीच पोकळी-प्रारूपातील शून्य-शून्य पद्धती (मोड), म्हणजे सगळीकडे सारखे क्षेत्र असलेली रचना, आणि तिचा संरोध (इम्पीडन्स) काढला तर तो पॅच व जमीन यांच्यातील साध्या समांतर-पट्टी धारित्राचाच निघतो. २९ गुणिले ३८ मिलिमीटरचा पॅच आणि १.६ मिलिमीटर जाडी धरली तर धारित्र सुमारे २७ पिकोफॅरड, आणि २.४५ गिगाहर्ट्झला त्याचा संरोध अडीच ओहमच्या आत. म्हणून अनुनादाजवळ त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वारंवारता कमी करत गेलो की मात्र तेवढेच उरते, आणि स्थिर प्रवाहासाठी धारित्र उघडे असते. पीएमसीने वेढलेल्या जागेत निव्वळ स्थिर प्रवाह जाऊ शकत नाही, हे इथे मल्टिमीटर लावूनही दिसते. बेरीज करताना काही जण हे शून्य-शून्य पद अनुनाद नाही म्हणून वगळून टाकतात. माझ्या मते ती चूक आहे, कारण तेच पद अँपिअरचा नियम सांभाळत असते.

पीएमसी निसर्गात मिळत नाही, पण एखाद्या पट्ट्यापुरता तो बनवता येतो, आणि तो बनतो विद्युतप्रवाहांचाच. पाव तरंगलांबी खोल खोबणीच्या तळाशी धातूचा शॉर्ट असतो. तोंडाशी तोच शॉर्ट उघड्या परिपथासारखा दिसतो आणि खोबणीला आडवा जाऊ पाहणारा प्रवाह अडतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीचे १४२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे मूळ फीड (तबकडीने गोळा केलेले तरंग टिपणारा भाग) हे असेच खोबणीदार हॉर्न आहे, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने केलेले. हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर तरंगलांबीचा चौथा भाग पाच सेंटीमीटरहून थोडा जास्त, तेव्हा खोबण्यांची खोली कोणत्या मापाची असते याचा अंदाज येईल. या भिंतीवर परिघाच्या दिशेने धातूच्या कडा पीईसीसारख्या वागतात आणि हॉर्नच्या लांबीच्या दिशेने खोबण्या पीएमसीसारख्या. अशा पृष्ठांना कील्डाल यांनी १९८८ मध्ये मृदू आणि कठीण अशी नावे देऊन त्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, आणि पुढे पीईसी व पीएमसी यांच्यात पाव तरंगलांबीहून कमी फट ठेवली तर तीत तरंग चालत नाही, या गोष्टीवर त्यांनी गॅप वेव्हगाइडची, म्हणजे अशा फटीने तरंग वाटेत रोखून धरणाऱ्या तरंगनळीची, कल्पना उभारली.

सिव्हनपायपर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेले अळंबीच्या आकाराचे पृष्ठ तर छापील पत्र्यावरच होते: धातूचे चौकोनी तुकडे, प्रत्येकाच्या मधोमध खाली जमिनीला जोडणारी व्हाया, म्हणजे पत्र्यातून आरपार जाणारी धातूची जोडणी. तुकड्यांमधल्या फटींचे धारित्र आणि तुकड्यांवरून खाली व परत असा फिरणाऱ्या प्रवाहाचे प्रेरकत्व मिळून समांतर अनुनाद होतो, आणि त्या वारंवारतेला पृष्ठाचा संरोध फार मोठा होतो. १.६ मिलिमीटर जाडीला प्रेरकत्व सुमारे २ नॅनोहेन्री, २.४५ गिगाहर्ट्झसाठी सुमारे २.१ पिकोफॅरड धारित्र हवे. परावर्तनाचा कोन अधिक ९० ते उणे ९० अंशांत राहण्याचा पट्टा यावरून ८ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ. त्यापलीकडे तो पत्रा चुंबकी वाहक राहत नाही. यातला चुंबकीय प्रवाह म्हणजे विद्युतप्रवाहाच्या बारीक वळशांची रांग आहे. पृष्ठावर विद्युतप्रवाह आहे का, हा प्रश्न इथे विचारला तर उत्तर ‘भरपूर आहे, पण वळशांत आहे’ असे द्यावे लागेल.

शेवटी संगणकावरच्या गणिताविषयी, कारण आपल्या शंका तिथूनच आल्या असाव्यात असे वाटते. द्विमितीय चुंबकीय विश्लेषणात सदिश विभव वापरणाऱ्या मर्यादित-घटक प्रणालीमध्ये बाहेरच्या सीमेवर काहीच अट दिली नाही तर आपोआप पीएमसीची अट लागते. सीमा मोकळी सोडली म्हणजे जागा अनंतापर्यंत मोकळी, असे समजून पुष्कळ जण एकटी तार काढतात आणि मग मॅट्रिक्सचा व्यस्त काढता येत नाही, किंवा प्रणाली काहीतरी अर्थहीन आकडे देते. परतीचा प्रवाह त्याच प्रारूपात दाखवा, किंवा सीमेच्या निदान एका भागावर विभव शून्य ठेवा. परतीच्या प्रवाहाला वाट मिळाली की उकल येते. परतीचा प्रवाह दाखवूनही सीमेवर सगळीकडे पीएमसीच असेल, तर विभवात एक स्थिरांक अनिश्चित राहतो, आणि एका बिंदूवर मूल्य ठरवून दिले की काम होते.

सममितीच्या पातळीवर (जिथे प्रारूप बरोबर अर्धे कापता येते त्या प्रतलावर) पीएमसी लावताना लादलेल्या प्रवाहाचा मुद्दा परत येतो. तार किंवा मायक्रोस्ट्रिपची पट्टी बरोबर त्या पातळीत असेल तर अर्ध्या प्रारूपात तिचा अर्धाच भाग असतो, म्हणून प्रवाहही अर्धाच द्यायचा. व्होल्टेज मात्र पूर्ण असते. त्यामुळे पोर्टचा, म्हणजे संकेत आत देण्याच्या जागेचा, संरोध दुप्पट दिसतो: ५० ओहमची रेषा पीएमसी सममितीने अर्धी केली की १०० ओहम येतात, आणि एचएफएसएससारख्या विद्युतचुंबकीय गणिताच्या संगणक-प्रणालीत संरोधाला गुणक ०.५ द्यावा लागतो. पीईसी सममितीत व्होल्टेज अर्धे आणि प्रवाह पूर्ण, म्हणून तिथे गुणक २. कोणता गुणक कुठे हे लक्षात राहत नसेल, तर पातळीतून जाणारा विद्युतप्रवाह तपासा: सममितीच्या पातळीला लंब प्रवाह असेल तर ती पातळी पीएमसी असूच शकत नाही, कारण पीएमसीत लंब प्रवाहाची प्रतिमा उलट असते आणि पातळीवर पोहोचेपर्यंत तो प्रवाह शून्य व्हावा लागतो.